पाचशे एक रुपये, बाकी हप्त्यात

नवा फोन बाजारात आला की गंगापूर रोडवरचं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. डेमो पीस हातात घेतं, कॅमेरा उघडून स्वतःला बघतं, पाठीमागून बोट फिरवतं आणि मग विचारतं, "महिन्याला कितीला बसेल?" साठ हजारांचा फोन असो की बारा हजारांचा, प्रश्न तोच. माझ्या वडिलांना हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. त्यांच्या दुकानात विकायला फोन नव्हताच. ते फोनवरची मिनिटं विकत.

दिवाळीत किंवा लग्नसराईत परदेशातली पोरं नाशिकला येतात. त्यातलं एखादं चार्जर नाहीतर काच बसवायला दुकानात येतं आणि सहज विचारतं, "काका, आमच्याकडे मोबाईल कंपनीच फोन देते, दोन वर्षांचा करार करून घेते, करार संपला की नवा फोन. तुमच्याकडे असं का नाही?" उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण करार आमच्याकडेही झाला. फक्त तो मोबाईल कंपनीशी झाला नाही. तीन वेळा व्हायला आला आणि तीनही वेळा फिसकटला. शेवटी करार झाला तो हप्तेवाल्याशी.

आमचा रस्ता अशोक स्तंभापासून सुटतो. जुना गंगापूर नाका, विद्या विकास सर्कल, जेहान सर्कल असं करत राघोबादादांच्या आनंदीबाईंच्या नावाची आनंदवली गाठतो, तिथून सोमेश्वर, आणि पुढे गंगापूर धरण. आज दोन्ही बाजूंना शोरूम, दवाखाने आणि क्लासेस आहेत. माझ्या लहानपणी नाक्याच्या पुढे द्राक्षबागा सुरू व्हायच्या. रस्त्याच्या शहराकडच्या टोकाला मराठा विद्या प्रसारक समाजाच्या संस्था, त्यातलं केटीएचएम कॉलेज. कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरीची मुलं तिथे शिकायला यायची आणि आसपास खोल्या करून राहायची. ही मुलं आमची पहिली गिऱ्हाइकं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. जुन्या गंगापूर नाक्याजवळ त्यांचा एसटीडी पीसीओ होता. पिवळा बोर्ड, आत काचेची केबिन, केबिनमध्ये न फिरणारा पंखा, आणि टेबलावर लाल आकडे पळवणारं मीटर. बोलणं संपलं की मशीन चिठ्ठी काढायचं. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, तेव्हा खरी रांग लागे. खेड्यातल्या घरी फोन कुठला? गावातल्या किराणा दुकानाचा किंवा सरपंचांचा नंबर असायचा, लग्नपत्रिकेवरसुद्धा पुढे 'पीपी' लिहून तोच छापायचे. मुलगा फोन करून सांगे, "आमच्या दादांना बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो." मग ती दहा मिनिटं आमच्या बाकावर बसून काढायचा. त्या बाकावर अण्णांनी अर्धा जिल्हा ओळखीचा करून घेतला.

तेव्हा घरी टेलिफोन घ्यायचा म्हणजे अर्ज, अनामत आणि वर्षानुवर्षांची वाट. जास्तीची रक्कम आधी भरणाऱ्यांसाठी 'ओवायटी' नावाची वेगळी रांग होती, पण रांग होतीच. स्कूटरचंही तेच. बजाजच्या स्कूटरसाठी पैसे भरून लोक वर्षं मोजत. हे इथे सांगण्याचं कारण पुढे येईल. तूर्त एवढंच की त्या काळात माणसाकडे पैसे असून माल मिळत नव्हता. विकणारा गिऱ्हाइकावर भरवसा ठेवायचा की नाही, हा प्रश्नच नव्हता. भरवसा गिऱ्हाइकाने ठेवायचा.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाईल सुरू झाला. आपल्याकडे, म्हणजे मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात, बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल आले. बिर्लांची सेवा १९९७ ला सुरू झाली. पुढे तीत टाटा आले आणि बिर्ला, एटी अँड टी, टाटा या तिघांच्या इंग्रजी अक्षरांवरून लोक कंपनीला 'बटाटा' म्हणायला लागले. २००२ मध्ये नाव बदलून आयडिया झालं.

सुरुवातीच्या दरांवर आजची पोरं विश्वास ठेवत नाहीत. मिनिटाला आठ रुपये चाळीस पैसे, गर्दीच्या वेळी सोळा ऐंशी, आणि आलेल्या फोनलाही पैसे. म्हणून ज्यांच्याकडे मोबाईल होता ते फोन वाजला की नंबर बघत, कट करत आणि आमच्या पीसीओत येऊन परत लावत. अण्णा हसायचे. "खिशात पंचवीस हजारांचं यंत्र आणि बोलायला माझ्याकडे," म्हणायचे. गंगापूर रोडवर तेव्हा मोबाईल दिसायचा तो बिल्डरकडे, मोठ्या डॉक्टरकडे आणि द्राक्षं निर्यात करणाऱ्या बागायतदाराकडे. हँडसेट रोखीने घ्यायचा, तोही बऱ्याचदा मुंबईहून कुणीतरी आणलेला, विनाबिलाचा. कंपनी फक्त सिमकार्ड द्यायची. नाशिकचा मोबाईल बाजार पुढे वसला तो महात्मा गांधी रोडवर, प्रधान पार्कच्या आसपास. आजही जुना पार्ट, डिस्प्ले, बॅटरी हवी असली की आम्ही पोऱ्याला तिकडेच पिटाळतो.

म्हणजे पहिल्या दिवसापासून इथे फोन एकाचा आणि सेवा दुसऱ्याची. कंपनीने फोन द्यायचा आणि गिऱ्हाइकाला बांधून घ्यायचं, ही रीत पडलीच नाही. ती पाडायचा पहिला मोठा प्रयत्न रिलायन्सने केला.

२८ डिसेंबर २००२, धीरूभाई अंबानींच्या जयंतीचा दिवस. पोस्टकार्डापेक्षा स्वस्त फोन, मिनिटाला चाळीस पैसे, अशी घोषणा घेऊन रिलायन्स इन्फोकॉम उतरली. तंत्र सीडीएमए. फोनला सिमकार्ड नाही, नंबर थेट हँडसेटमध्ये भरलेला. २००३ च्या पावसाळ्यात त्यांनी 'मान्सून हंगामा' आणला: ५०१ रुपये द्या, हँडसेट घेऊन जा, बाकीची किंमत महिन्याच्या बिलातून फेडत राहा. ५०१ हा आकडा आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. लग्नाच्या पाकिटात तोच असतो. लोकांनी तो बोहनीसारखा दिला आणि फोन घेऊन गेले. रिक्षावाला, भाजीवाला, कॉलेजातला पोरगा, सगळ्यांच्या कमरेला एलजी किंवा सॅमसंगचे ते फोन दिसायला लागले.

तुमच्या परदेशातल्या कराराचं हे अगदी सख्खं भावंड होतं. फोन कंपनीचा, नंबर कंपनीचा, बिल कंपनीचं, पळवाट नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालू म्हटलं तर घालायला जागाच नाही. पण कंपनीने गिऱ्हाइकाला बांधलं ते कशाने, हे बघा. पत्त्याचा एक कागद आणि सही. आमच्याकडच्या भाडेकरू पोरांचा पत्ता म्हणजे परीक्षा संपेपर्यंतचा पत्ता. बिल अपेक्षेपेक्षा मोठं आलं की फोन कपाटात टाकायचा आणि दुसऱ्या कंपनीचं प्रीपेड घ्यायचं. ज्याला हप्ता म्हणून दिलं होतं ते लोकांच्या लेखी बिल होतं, आणि आवडलं नाही तर बिल भरायचं नसतं अशी बऱ्याच जणांची समजूत होती. थकबाकी वाढत गेली, वसुलीची माणसं फिरायला लागली. ज्यांनी फोन घेतले ते खोल्या सोडून गेलेले, आणि वसुलीवाला घरमालकाच्या दारात उभा. कंपनीलाही हळूहळू प्रीपेडकडे वळावं लागलं. देशात माणूस कोण आहे, याआधी त्याने कुणाचं काय बुडवलंय, हे विचारायची सोय तेव्हा नुकती बाळसं धरत होती. सिबिलची स्थापना २००० सालची, आणि ती माहिती बँकांच्या कर्जांची. फोनवाल्याला तिचा उपयोग शून्य.

'मान्सून हंगामा'च्याच वर्षी, १ मे २००३ पासून, फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे असं ठरलं आणि येणारा फोन फुकट झाला. अण्णांच्या पीसीओचा कणा त्या दिवशी मोडला. अण्णा हळहळत बसले नाहीत. केबिन काढली, काचेचं कपाट आणलं आणि रिचार्जची कुपनं मांडली. नाण्याने घासून नंबर काढायची ती कुपनं. पुढे हचने दहा रुपयांचा छोटा रिचार्ज आणला, मग ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' आलं. गिऱ्हाईक आधी पैसे देई आणि मग बोले. कंपनीला वसुली नाही, गिऱ्हाइकाला बिलाची धास्ती नाही. दोघांनाही एकमेकांवर विश्वास ठेवायची गरज उरली नाही, आणि म्हणूनच हा व्यवहार इतका चालला. देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त ग्राहक प्रीपेडवर गेले ते असे.

फोनही तसाच मिळाला. २००३ चा नोकिया ११००: पुढे टॉर्च, धूळ जाऊ नये म्हणून अखंड रबरी कीपॅड, पडला तर आपण आधी फरशी बघायचो. जगभरात हा फोन पंचवीस कोटींच्या घरात खपला. गिरणारे, हरसूलकडचा शेतकरी टोमॅटोची पट्टी घेऊन यायचा, सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढून मोजायचा आणि म्हणायचा, "बॅटरीवाला द्या." त्याला टॉर्च म्हणायचं असे. हप्त्याचं नावही नाही. त्याच्यासाठी कर्ज म्हणजे सोसायटीचं पीककर्ज. ते बियाणाला, खताला काढायचं असतं, बोलायला नाही.

करार रुजू न देणाऱ्या आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. एक, दोन सिमचा फोन. मायक्रोमॅक्स आणि चायना मेड फोनांनी ही सोय घरोघर नेली. ज्या फोनला दोन खिडक्या आहेत त्याच्या मालकाला एका कंपनीने कसं कोंडून ठेवायचं? दुसरी, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा, जी २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. परदेशात करार टिकतो तो फोन बांधलेला असतो म्हणून, आणि सोडून जायचा दंड असतो म्हणून. इथे फोन मोकळा, नंबर मोकळा, गिऱ्हाईक तर मुळातच मोकळं.

याचा पुरावा नंबर मोकळा होण्याआधीच, २२ ऑगस्ट २००८ रोजी मिळाला होता. आयफोन ३जी भारतात आला, व्होडाफोन आणि एअरटेल विकणार होते. पेपरात आधीपासून चर्चा होती की अमेरिकेत तो १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने नऊ हजारांच्या आत मिळतो. आमच्या दुकानात लोक चौकशीला आले, एकाने तर आगाऊ पैसे देऊ केले. प्रत्यक्षात किंमत आली ८ जीबीला ३१,००० आणि १६ जीबीला ३६,१००. लोक चिडले. "आपल्यालाच का लुटतात?" पण १९९ डॉलर ही फोनची किंमत नव्हतीच, ती दोन वर्षांच्या कराराची पहिली रक्कम होती. उरलेली किंमत तिकडची कंपनी भरे आणि महागड्या मासिक बिलांतून वसूल करी. इथल्या कंपन्यांनी पाच वर्षांपूर्वी रिलायन्सची थकबाकी बघितली होती. त्यांनी सरळ पूर्ण किंमत लावली. दहा रुपयांचा छोटा रिचार्ज करणाऱ्याला वीस हजार उधार कोण देणार?

देणारा होता. तो मोबाईलच्या धंद्यातला नव्हता, एवढंच.

आता त्या स्कूटरकडे येतो. चेतक मिळायला वर्षं लागत तेव्हा कर्जाचा प्रश्न नव्हता. रांग ओसरली, गाडी शोरूममध्ये उभी राहायला लागली, तेव्हा कंपनीला गिऱ्हाईक शोधावं लागलं. १९८७ मध्ये पुण्यात बजाज ऑटो फायनान्स निघाली ती दुचाकी-तीनचाकीला कर्ज देण्यासाठी. हळूहळू टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनही तिच्या हप्त्यांवर मिळायला लागले. २०१० मध्ये नावातला 'ऑटो' गेला. चेतकचं जुनं उत्पादन त्याच्या आधीच बंद झालं होतं. थोडक्यात, ज्या घराण्याच्या मालासाठी महाराष्ट्राने आगाऊ पैसे भरून वाट पाहिली, त्याच घराण्याने महाराष्ट्राला आधी माल न्यायची आणि मागून पैसे भरायची सवय लावली. पुढे तशा आणखी वित्त कंपन्या आल्या, बँकांची क्रेडिट कार्डं आली. स्मार्टफोन पंधरा-वीस हजारांवर गेला तसं या मंडळींनी मोबाईलच्या दुकानात टेबल टाकलं.

आमच्या दुकानात ते टेबल आलं तेव्हा अण्णांना ते आवडलं नव्हतं. "आपल्या दुकानात दुसऱ्याचा माणूस बसून आपल्या गिऱ्हाइकाला त्याची लायकी विचारणार?" पण त्याच महिन्यात विक्री वाढली आणि टेबलावर पंखा बसला.

ते टेबल कसं चालायचं ते सांगतो, कारण आता त्यातलं बरंचसं मोबाईलच्या पडद्यात गेलंय. गिऱ्हाईक बसलं की कागद मागायचे: पॅन, पत्त्यासाठी लाइटबिल, दोन फोटो, रद्द केलेला चेक, पगाराची स्लिप. स्लिप सातपूरच्या मायकोची, ओझरच्या एचएएलची किंवा नाशिक रोडच्या प्रेसची असेल तर फायनान्सचा मुलगा खुर्ची पुढे ओढायचा, चहा सांगायचा. स्लिप नसलेल्या, पण वीस एकर बाग असलेल्या माणसाची फाईल मात्र अडायची. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि हप्ता दर महिन्याला जातो, हे कागदाला पटवून देता येत नसे. मग तो बागायतदार कंपनीत कामाला असलेल्या भाच्याच्या नावावर फोन घ्यायचा. फाईल पाठवली की वरून फोन यायचा, पडताळणी व्हायची, आणि मग 'डीओ' निघायचा, म्हणजे माल सोडायचा हुकूम. डीओ निघाल्याशिवाय बॉक्सचं सील फोडायचं नाही हा दुकानातला पहिला नियम.

योजनांची भाषाही टेबलाची स्वतःची. 'आठला दोन' म्हणजे आठ हप्ते, त्यातले दोन आजच भरायचे. चोवीस हजारांचा फोन असेल तर महिन्याला तीन हजार, दोन हप्ते म्हणून आज सहा हजार रोख, राहिले अठरा हजार आणि सहा महिने. व्याज शून्य. गिऱ्हाईक बोटं मोजून बघतं, बरोबर चोवीसच होतात, खूश होतं. व्याज जातं कुठे? फायनान्स कंपनी दुकानदाराला अठरा हजार पाठवतच नाही. ठरलेला टक्का कापून पाठवते. त्याला आम्ही 'डीबीडी' म्हणतो. तो टक्का कधी मोबाईल कंपनी सोसते, कधी दुकानदार, आणि जो सोसतो तो रोखीच्या गिऱ्हाइकाला तेवढी सूट द्यायची टाळतो. म्हणजे व्याज असतंच, ते किमतीत जिरलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी वेगळी. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना हेच बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही. त्यानंतर पाट्यांवरचा शब्द बदलून 'नो कॉस्ट' झाला. गणित राहिलं ते राहिलंच.

मोबाईल कंपन्यांनी कराराचा नाद सोडला होता असं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सने आयफोन ५सी महिना २,५९९ आणि ५एस महिना २,९९९ रुपयांना, चोवीस महिन्यांच्या करारावर काढला, बोलणं आणि इंटरनेट त्यातच. पण त्याला क्रेडिट कार्ड लागे. म्हणजे भरवसा पुन्हा बँकेचाच. २०१७ मध्ये एअरटेलने आयफोन ७ साठी ७,७७७ रुपये आधी आणि महिना २,४९९ असे चोवीस हप्ते लावले; कर्जाची बाजू तिथेही वित्तसंस्थांकडे. म्हणजे नाव मोबाईल कंपनीचं, पण सही कर्जाच्या कागदावर.

आणि ५०१ परत आलं. जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली होती. २०१७ मध्ये तिने जिओफोन काढला, १,५०० रुपये अनामत घेऊन. २०१८ च्या जुलैमध्ये योजना जाहीर झाली: जुना साधा फोन आणून द्या, ५०१ रुपये भरा, जिओफोन न्या. नाव काय, तर 'मान्सून हंगामा'. बरोबर पंधरा वर्षांनी तोच पावसाळा, तेच नाव, तोच आकडा. फरक एकच, पण मोठा: या वेळी उधारी नव्हती. मागच्या वेळी कंपनीने आधी फोन दिला होता, या वेळी अनामत आणि जुना फोन आधी ठेवून घेतला. २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला. रोख घ्यायचा तर ६,४९९. हप्त्याने घ्यायचा तर आधी १,९९९, बाकी अठरा किंवा चोवीस महिन्यांत, आणि प्रोसेसिंग फी ५०१. एकाच आकड्याचे हे तीन अवतार कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितले तर देशाचा धंदा कसा शहाणा होत गेला ते कळतं. २००३ मध्ये ५०१ देऊन फोन मिळायचा, २०२१ मध्ये ५०१ देऊन कर्ज मिळायला लागलं.

मधल्या काळात दुकानदारीचंही रूप पालटलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर आला, जुलैमध्ये शाओमी. ठरल्या वेळी पोरं मोबाईलवर बोट ठेवून बसायची आणि काही सेकंदांत माल संपायचा. गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन त्या फोनचं कव्हर मागायचं. मग ओप्पो आणि विवो आले, त्यांनी दुकानांच्या पाट्या स्वखर्चाने बदलून दिल्या, आणि गंगापूर रोड निम्मा हिरवा, निम्मा निळा झाला. दुकानदाराचं नाव पाटीच्या कोपऱ्यात गेलं. ऑनलाइनशी आम्ही किमतीत लढू शकत नव्हतो. आम्हाला तगवलं दोन गोष्टींनी: टेबलावरच्या हप्त्याने आणि जुन्या फोनच्या एक्स्चेंजने.

एक्स्चेंज हा आमच्याकडचा 'अपग्रेड'. परदेशात करार संपला की नवा फोन, इथे हप्ते संपले की नवा फोन. ताई जुना फोन पुढे करतात, "काही झालेलं नाही हो, कव्हर घालूनच वापरलाय." आम्ही कव्हर काढतो, फोन पांढऱ्या पडद्यावर नेतो, ब्राइटनेस पूर्ण वाढवतो. कोपऱ्यात गुलाबी शेड आहे का, बारीक डॉट आहे का, टच एखाद्या पट्टीत मरतो का, चार्जिंगची पिन सैल आहे का. स्क्रीन बदललेला असेल तर कडेला बोट फिरवून कळतं. पूर्वी भाव आम्ही डोळ्यांनी ठरवायचो. आता ॲप सांगतं तसं करायचं: फोन हलवा, बटणं दाबा, माइकमध्ये बोला. शेवटी तेच आकडा फेकतं. ताई आकडा बघून आमच्याकडे रागाने बघतात. आम्ही ॲपकडे बोट दाखवतो. घासाघीस करायला समोर माणूस आहे, पण त्याच्या हातात काही नाही.

या सगळ्या काळात मला सगळ्यात जास्त बदललेलं दिसतं ते फोनचं रूप नाही, जामिनाचं रूप आहे. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागत आणि कुणाला जामीन राहायला सांगायचं याचा माणूस आठवडाभर विचार करी. रिलायन्सने जामिनाच्या जागी पत्ता घेतला आणि हात पोळून घेतले. मग सिबिलचा आकडा आला, तीनशेपासून नऊशेपर्यंतचा. केटीएचएमला शिकणाऱ्या, नुकतंच एकविसावं लागलेल्या मुलाचं आयुष्यातलं पहिलं कर्ज आज बऱ्याचदा फोनचं असतं. घराचं नाही, शेतीचं नाही. त्याने तो हप्ता दोनदा चुकवला तर पुढे घरकर्जाच्या वेळी बँक त्या फोनचा हिशेब काढते. हे त्याला टेबलावर कुणी सांगत नाही. मी सांगतो, तेव्हा फायनान्सचा मुलगा माझ्याकडे बघतो.

आणि आता त्या आकड्याच्याही पुढची पायरी आलीय. आकडा कमी असलेल्यालाही काही कंपन्या फोन देतात, पण देताना त्यात एक ॲप घालतात. हप्ता थकला की फोन लॉक. अशा लॉकला परवानगी असावी की नसावी, यावर रिझर्व्ह बँकेच्या पातळीवर विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. म्हणजे विकत घेतलेली वस्तूच स्वतःला जामीन राहते. कंपनीच्या बाजूने बघितलं तर याहून पक्का बंदोबस्त नाही. २००३ मध्ये हवा होता तो हाच.

माझी हरकत दुसऱ्या बाजूने आहे. आज माझ्याकडे हप्त्यावर फोन घेणाऱ्यांत जेवणाची पार्सलं पोचवणारी, टॅक्सी चालवणारी मुलं बरीच आहेत. त्यांचं काम त्याच फोनवर येतं आणि हप्ता त्याच कामातून जातो. फोन बंद केला की हप्त्याचा उगमच बंद. जामीनदार माणूस असायचा तेव्हा तो थकबाकीदाराच्या घरी जाऊन आधी ओरडायचा, मग काय अडलंय विचारायचा, आणि द्राक्षाचे पैसे यायचेत म्हटलं की पतसंस्थेत जाऊन दोन महिने मागून आणायचा. हप्त्याच्या करारात ही दोन महिन्यांची सोय कुठेच लिहिलेली नाही. परदेशातून आलेल्या पोरांना मी म्हणूनच सांगतो, तुमच्या कराराचं आम्हाला कौतुक नाही, तो आमच्याकडे वेगळ्या पाटीखाली कधीचाच आलाय. कुणाला त्यात सुधारणा करायचीच असेल तर नवा फोन वर्षाने मिळेल की दोन वर्षांनी, हे आधी ठरवू नका. हप्ता चुकल्यावर पहिल्या महिन्यात काय होणार, तेवढं आधी लिहून घ्या.